गळलेली मात्रा

११ ऑगस्ट २००९, मंगळवार

विद्यापीठाच्या प्रकाशन विभागाचे पत्र आज आले. वेल्डन क्रीचच्या बासष्ट गाण्यांचा प्रमाण संग्रह काढायचा आहे: शब्द, स्वरलिपी, टिपा आणि वीस पानांची प्रस्तावना. हस्तलिखित पंधरा ऑक्टोबरपर्यंत हवे. "आपल्याहून अधिकारी व्यक्ती आम्हांला ठाऊक नाही," असे संपादक लिहितात. विधान अचूक आहे. जी व्यक्ती स्वरलिपी वाचू शकते आणि त्या माणसाबरोबर गाण्याच्या दौऱ्यांत तीन वर्षे एका बसमधून फिरलेली आहे, अशी साऱ्या टेक्ससमध्ये मी एकटीच उरले आहे.

मी होकार कळवला. कारण स्वतःशी तरी स्पष्ट लिहावे. त्र्याहत्तर वर्षांचा हा माणूस, ज्याला चार कॉर्डपलीकडे पाचवी कधी सापडली नाही, त्याचा चेहरा छापलेले सदरे घालून माझे विद्यार्थी माझ्याच वर्गात बसतात. त्याने पहिली ध्वनिमुद्रिका काढली तेव्हा त्यांचे आईवडील शाळेत होते. एका मुलीने गेल्या वर्षी त्याच्या जुन्या तबकडीचे वेष्टन माझ्यापुढे धरले आणि विचारले, "मॅडम, मागच्या फोटोतलं हे कोपर तुमचं ना? सही द्याल?" बॉस्टनमध्ये सहा वर्षे मी व्हायोलिन शिकले. इतिहासात माझे एक कोपर राहिले आहे.

संग्रहात निदान एक गोष्ट मी दुरुस्त करणार आहे. 'लावाकाचा उतार' (लावाका ही इथली नदी) या गाण्यातली ती गळलेली मात्रा.

१६ ऑगस्ट, रविवार

दुपारी अडेलाकडे. माझी ही धाकटी बहीण चौसष्ट वर्षांची आहे, विधवा आहे, आणि दर रविवारी आमच्या प्लाव्निक गावच्या सभागृहात नाचायला जाते. टेबलावर खसखस भरलेले गोड पाव, म्हणजे कोलाचे, लोणच्याच्या काकड्या. रेडिओवर, अर्थातच, तो.

मी तिला मात्रेचे सांगितले. गाणे वॉल्ट्झचे आहे, म्हणजे प्रत्येक आवर्तन तीन मात्रांचे. तिसऱ्या कडव्याच्या शेवटी मात्र हा गृहस्थ दोनच मात्रा मोजतो आणि पुढच्या ओळीवर उडी घेतो. त्र्याहत्तरच्या तबकडीपासूनचे प्रत्येक ध्वनिमुद्रण मी तपासले आहे. एक्याऐंशी साली मी यावर शोधनिबंध लिहिला, 'निरक्षर ठेका: क्रीचच्या लयीतील दोष'. त्या निबंधावर मला प्राध्यापकपद कायम झाले. तो आजही चार विद्यापीठांत वाचायला लावतात.

"दोष कसला?" अडेला म्हणाली. "तिथे तर उचल असते."

"उचल म्हणजे?"

"अगं मिल्का, तू या गावची ना? त्या जागी पुरुष बाईला जराशी उचलतो. जमिनीवरून इतकीशी." तिने अंगठा आणि तर्जनी यांत कोलाचेएवढे अंतर दाखवले. "पाय हवेत असतो तेवढ्यात ती तुझी मात्रा निघून जाते. खाली आलो की पुन्हा बरोब्बर. सगळा हॉल एकदम उचलला जातो. लिओनार्ड मला उचलतो ना, तेव्हा एक क्षण मी पंचविशीची असते."

"लिओनार्ड कोण?"

"उचलणारा," ती म्हणाली आणि लाजली.

चुकीभोवती लोक केवढा थाट उभा करतात! मी तिला सांगितले की गाणे बरोबर वाजले तर पाय आपोआप बरोबर पडतील.

"पाय तुझे विद्यार्थी नाहीत, बाई," ती म्हणाली.

२२ ऑगस्ट, शनिवार

वेल्डनच्या घरी परवानगीसाठी गेले. चौतीस वर्षांनंतर. तीन बायका गेल्या, कुत्री राहिली आहेत. दाढी पूर्ण पांढरी; आवाज मात्र तोच, कोरड्या नदीतल्या वाळूसारखा. वयाने एखाद्याच्या आवाजाला हानीच करू नये, हा सृष्टीचा पक्षपात आहे.

"या, बाईसाहेब," तो पायरीवरूनच म्हणाला. बसमध्येही तो मला हेच म्हणायचा आणि सगळे हसायचे. "कागद घेऊन आलीस की बिनकागदाची?"

"कागद घेऊन."

"वाटलंच मला."

हा जुना टोमणा आहे. एकाहत्तर साली नॅशव्हिलच्या ध्वनिमुद्रण कंपनीने त्याच्या गाण्यांवर तंतुवाद्ये चढवण्यासाठी मला नेमले होते. मी बारा व्हायोलिनांचे असे काम लिहिले की आजही त्यात काना-मात्रेचा दोष सापडणार नाही. त्याने ते डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाला, "सुंदर आहे. लग्नाच्या केकसारखं. पण मला भूक लागलीय मक्याच्या भाकरीची." मग कंपनीशी भांडून त्याने स्टुडिओच सोडला आणि आपल्या गावठी वादकांना घेऊन प्लाव्निकच्या सभागृहात तबकडी केली. वृत्तपत्रांनी त्याला 'आऊटलॉ' म्हटले. वास्तविक त्याने मोडलेला कायदा एकच: नॅशव्हिलमध्ये घरचे वादक आणायचे नाहीत, हा. एवढ्या भांडवलावर छत्तीस वर्षे दंतकथा चालली आहे. मला त्याने सोबत घेतले, पण एका अटीवर: कागदाशिवाय, म्हणजे स्वरलिपी समोर न ठेवता वाजवायचे. मी का गेले, हे मला अजून नीट मांडता आलेले नाही.

मी दुरुस्तीचे सांगितले. वीस सप्टेंबरला प्लाव्निकच्या सभागृहाचा वर्धापनदिन आहे, त्यात माझ्या महाविद्यालयाचा तंतुवाद्यवृंद त्याच्याबरोबर वाजवणार आहे. तिथे 'लावाकाचा उतार' प्रथमच शुद्ध स्वरूपात सादर व्हावा, असा माझा प्रस्ताव.

तो कुत्र्याचे कान खाजवू लागला. "तीन मात्रा?"

"तीन. वॉल्ट्झमध्ये असतात तितक्या."

"तू लिहिशील तसं गाईन, मिल्का. पण नाचणाऱ्यांना विचारलंस का?"

"संगीत नाचणाऱ्यांना विचारून लिहीत नाहीत."

"हां," तो म्हणाला. "म्हणून तर तुझ्या केकवर कोणी नाचलं नाही."

तो हसला. मी हसले नाही. निघताना त्याने माझा निबंध वाचल्याचे सांगितले. "मोठे मोठे शब्द आहेत. अर्धे कळले. शाब्बास." उपहास इतका उघड होता की उत्तर देण्याची आवश्यकता वाटली नाही.

३ सप्टेंबर, गुरुवार

पहिली तालीम. वेल्डन वेळेआधी दहा मिनिटे आला, चष्मा लावून माझ्या कागदाकडे बघत बसला. त्याला स्वरलिपी वाचता येत नाही. तरी तिसऱ्या कडव्याच्या शेवटी बोटांवर तीन मोजले, ओठ हलवत, शाळेतल्या मुलासारखे. अकरा वेळा घ्यावे लागले. बाराव्या वेळी जमले. माझे विद्यार्थी उभे राहून टाळ्या वाजवू लागले! त्यांनी माझ्यासाठी असे कधी केलेले नाही. मी त्यांना बसायला सांगितले.

२१ सप्टेंबर, सोमवार

काल दुपारचा वर्धापनदिन. क्रमाने लिहिते.

पाय सहज सरकावेत म्हणून फरशीवर मक्याचे पीठ भुरभुरलेले होते. भिंतीशी म्हातारे, मध्ये तरुण जोडपी, सगळे घड्याळाच्या उलट दिशेने फिरणारे. दारात भाजत्या मांसाचा धूर. सहाशे लोक. मी व्यासपीठाच्या कडेला हात बांधून उभी. या सभागृहात मी आयुष्यात कधी नाचलेले नाही. लहानपणी वडिलांच्या पोल्का बँडमध्ये वाजवत असे, तेव्हाही नाही.

'लावाकाचा उतार' सुरू झाला. तंतुवाद्ये निर्दोष. वेल्डन निर्दोष. तिसऱ्या कडव्याचा शेवट आला. त्याने माझ्याकडे पाहिले आणि तीन मात्रा पूर्ण मोजल्या.

साऱ्या पुरुषांनी साऱ्या बायकांना उचलले. त्या खाली आल्या, आणि खाली तिसरी मात्रा अजून संपलेली नव्हती. पायावर पाय पडले. जोडप्यावर जोडपे आदळले. पिठावरून घसरून एका बाजूची रांगच कलंडली. कुणीतरी ओरडले, कुणीतरी हसले. अडेला उठली नाही.

वेल्डनने गाणे थांबवले. "माफ करा, मंडळी!" तो माइकवर म्हणाला. "चूक माझी. छत्तीस वर्षं गातोय आणि आज विसरलो. म्हातारा झालो बघा. आधी त्या बाईला खुर्ची द्या, मग मला द्या." सभागृह हसले, आणि मग, विश्वास बसणार नाही, टाळ्या. कौतुकाच्या टाळ्या. नंतर जुने वादक वर आले आणि त्याने गाणे पुन्हा गायले, दोन मात्रांचे. नाचणाऱ्या साऱ्या बायका एकदम जमिनीवरून उठल्या आणि एकदम उतरल्या. फरशीचा तो एकच आवाज.

अडेलाचा घोटा मोडला आहे. सहा आठवडे प्लास्टर.

यातून मी काय लिहावे? माझी शुद्ध मात्रा त्याची चूक म्हणून जाहीर झाली, आणि ती चूकही त्याने टाळ्यांत रूपांतरित केली. त्याच्याजवळ अपयशसुद्धा माझ्यापेक्षा चांगले दिसते.

२४ सप्टेंबर, गुरुवार

प्रकाशन विभागाने सभागृहातील त्या मूळ ध्वनिमुद्रणाच्या सर्व फिती संगणकावर उतरवून पाठवल्या आहेत. सतरा आणि अठरा ऑगस्ट १९७३. शुक्रवार आणि शनिवार. तबकडीवर फक्त शनिवार गेला होता. शुक्रवारची फीत छत्तीस वर्षे कोणी ऐकलेली नाही.

मी शुक्रवार लावला. 'लावाकाचा उतार', तिसरे कडवे, शेवट.

तीन मात्रा.

पुन्हा लावला. तीन. स्वच्छ, सरळ, निरक्षराला शोभणार नाही इतक्या नेमक्या.

मग शनिवार. वाद्ये आता निरनिराळी ऐकता येतात, म्हणून मी एकेक उघडून पाहिले. कडव्याच्या शेवटी व्हायोलिनची तीन स्वरांची तान आहे, ती गायकाला पुढच्या ओळीवर नेते. ती एक मात्रा आधी शिरते. गज घाईने उतरतो. त्याच्यामागून, अर्ध्या श्वासाने, वेल्डनचा आवाज उडी मारतो. मग ढोल, मग बास, एकेक करून सगळे पडत-झडत त्याच्यामागे.

व्हायोलिन मी वाजवत होते.

गाणे संपल्यावर फीत थोडी पुढे चालत राहते. बासवादक हॉबचा आवाज: "कोण उडालं रे?" आणि वेल्डन, लगेच, हसत: "मी. राहू दे. आता हे असंच जातं."

२५ सप्टेंबर, शुक्रवार

फितीला जोड असण्याची शक्यता तपासली. जोड नाही.

२८ सप्टेंबर, सोमवार

हॉब स्नीडला फोन केला. तो आता कॉर्पस ख्रिस्तीला मुलीकडे असतो. ऐंशीचा आहे, ऐकू कमी येते, म्हणून मला एकच वाक्य तीनदा मोठ्याने उच्चारावे लागले: "त्या शनिवारी चूक माझी होती का?" तिसऱ्या वेळी शेजारणीने खिडकी उघडली.

"अगं, मग कोणाची!" हॉब ओरडला. "सगळ्यांना ठाऊक होतं."

"सगळ्यांना?"

"तू सोडून. तू त्या दिवशी कागदावाचून पहिल्यांदा डोळे मिटून वाजवलंस. आम्ही बघतच राहिलो. इतकी रंगलीस की उडालीस. उतरल्यावर वेल्डननं आम्हांला बसमागे नेलं आणि दम दिला. 'बाईसाहेबांना कोणी बोललात तर खबरदार,' म्हणे. 'पुन्हा डोळे उघडे ठेवून वाजवायला लागेल.' मग दर रात्री तो तसाच गायचा. पुढे लोक उचलायला लागले. मग काय, पक्कंच झालं."

"आणि माझा निबंध आला तेव्हा?"

हॉब इतका हसला की त्याला खोकला आला. "बाई, आम्ही तो बसमध्ये मोठ्यानं वाचला! वेल्डन मात्र हसला नाही हं. बातमीदार आला तेव्हा म्हणाला, प्रोफेसरांना जास्त कळतं."

मी आभार मानून फोन ठेवला. डोळे मिटून वाजवल्याचे मला आठवत नाही. शनिवारच्या फितीवरील ती तान मी आणखी सहा वेळा ऐकली. गजाचे वजन असमान आहे, स्वर किंचित चढा आहे. इतके चांगले मी त्यानंतर कधी वाजवलेले नाही.

४ ऑक्टोबर, रविवार

अडेलाकडे गेले तर तिच्या प्लास्टरवर सही करत वेल्डन बसलेला. पेकन-पाय, म्हणजे सुक्या मेव्याचा गोड पदार्थ, घेऊन आला होता. कोपऱ्यात एक टक्कल पडलेला संकोची गृहस्थ उभा; तो लिओनार्ड.

अडेलाने माझ्याकडे पाहिले आणि लिओनार्डला म्हणाली, "मला जरा व्हरांड्यात ने." त्याने तिला उचलले. या कामाचा त्याला सराव आहे.

मी वेल्डनला सरळ विचारले. "शुक्रवारची फीत मी ऐकली. तू बोलला का नाहीस?"

"काय बोलणार?"

"एक्याऐंशी साली मी तुला जगापुढे अडाणी ठरवलं."

"तुला नोकरी पक्की व्हायची होती ना? तुझ्या कॉलेजात शिकणाऱ्या हॉबच्या मुलीनं सांगितलं होतं, त्या निबंधावर अडलंय म्हणून." तो पेकन-पायचा तुकडा कापत होता. "माझं काय बिघडलं? मी अडाणी म्हणून तबकड्या जरा जास्तच खपल्या. कुरकुरीत भाग हवा की मधला?"

"मी हे छापणार आहे."

आता तो थांबला. "कशाला? छान चाललंय की सगळं. लोकांना ती माझी वाटते, वाटू दे. तुझ्या कॉलेजात तुला त्रास होईल. सोड, मिल्का. मी आहे ना."

या तीन शब्दांचा मला आजवर कोणत्याही अपमानापेक्षा जास्त राग आला. मी पेकन-पाय न खाता निघाले. व्हरांड्यातून अडेला म्हणाली, "बघ, पुन्हा कागद घ्यायला पळाली." लिओनार्ड सोडून सगळे हसले.

९ ऑक्टोबर, शुक्रवार

प्रस्तावनेचे पाच मसुदे. पहिल्यात मी चूक 'संभाव्य' म्हटली. दुसऱ्यात ध्वनिमुद्रणाच्या परिस्थितीवर दोन पाने खर्ची घातली. तिसऱ्यात सभागृहातील उकाडा आला. चौथा मी वाचून पाहिला आणि त्यात व्हायोलिनवादकाचे नाव कुठेही नाही, हे माझ्या लक्षात आले. क्रियापदे कर्मणी होती. विद्यार्थिनीच्या लेखनात हे दिसले असते तर मी लाल शाईने पान भरले असते. पाचवा फाडला.

खरी अडचण वेगळी आहे. मी हे छापले की निबंध जाईल. चार विद्यापीठांच्या यादीतून माझे नाव निघेल. ते मी सोसेन. पण त्याचे काय होईल? लोक म्हणतील, पाहा, एका घाबरट वादिकेची लाज झाकण्यासाठी हा माणूस छत्तीस वर्षे चुकीचे गात राहिला. मुलांच्या सदऱ्यांवर त्याचा चेहरा आणखी मोठा होईल. माझी कबुली हे त्याचे त्रेसष्टावे गाणे होईल, आणि ते सर्वांत जास्त चालेल. माझ्याजवळचे जे काही सत्य आहे, त्याचाही लाभ त्यालाच.

आणि न छापले, तर मी आयुष्यभर त्याच्या मेहेरबानीत राहीन. ते त्याला पसंत आहे. "मी आहे ना."

१४ ऑक्टोबर, बुधवार

आज सकाळी हस्तलिखित प्रकाशन विभागाकडे नेऊन दिले. संपादकांनी समोरच 'लावाकाचा उतार'खालची टीप वाचली; फितीवरचे वेल्डनचे 'मी. राहू दे.' त्यांनीही ऐकले होते. त्यांचा चेहरा उजळला. "अहो डॉक्टर, हे तर फारच गोड आहे! क्रीच म्हणजे केवढा मोठा माणूस! हे आपण प्रस्तावनेच्या सुरुवातीला घेऊ या? चार पानं लिहाल?"

"नाही," मी म्हणाले. "टीप आहे तिथेच राहील. आहे तेवढीच राहील."

"पण त्यांनी जे केलं, ते तरी..."

"ते त्यांच्या संग्रहात बासष्ट ठिकाणी आहे. ही एक जागा माझी आहे."

ते गोंधळले. त्यांना समजावण्यात मी वेळ घालवला नाही. फक्त टिपेतील माझ्या नावाचे वर्ण पुन्हा एकदा तपासून घेतले, कारण छापखाने परदेशी आडनावे चुकवतात. टीप अशी आहे:

"'लावाकाचा उतार', तिसरे कडवे, अखेरचे आवर्तन: दोन मात्रा. तिसरी मात्रा अठरा ऑगस्ट १९७३ रोजी व्हायोलिनवर लुडमिला होलुब यांनी गाळली. संपादिकेचा १९८१ चा निबंध रद्द समजावा. गाणे असेच गावे."